आत्यांचं बुडालेलं कॉलेज

जगात आज चालू असलेल्या कुठल्याही कॉलेजबद्दल माझ्या बायकोच्या आत्यांना काडीचं कुतूहल नाही. त्यांचा सगळा जीव ऑक्सफर्डमधल्या अशा एका कॉलेजवर आहे, जे कित्येक शतकांपूर्वी बुडालं. मठांतल्या साधूंना शिकता यावं म्हणून मध्ययुगात ते काढलं होतं. पुढे राजानं देशातले मठ बंद केले, साधू पांगले, इमारतीचे दगड ज्याला हवे त्यानं उचलून नेले, आणि उरली ती दुसऱ्याच एका कॉलेजच्या बागेतली एक भिंत. मी हे चार ओळींत सांगितलं. आत्या सांगतात तेव्हा चहा दोनदा गरम करावा लागतो.

लंडनच्या पिनर उपनगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्या एकट्या राहतात. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसातून रिटायर झाल्यावर एकदा लायब्ररीत पाऊस थांबायची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा या कॉलेजवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती लागलं. पाऊस थांबला, आत्या काही थांबल्या नाहीत. तेव्हापासून ते 'आमचं कॉलेज' झालं. तिथल्या विद्यार्थ्यांची त्या अजून काळजी करतात. "थंडीत खोलीत शेकोटी नाही हो त्या पोरांच्या! आणि शुक्रवारी उपास म्हणून नुसते मासे. वरण नाही, भात नाही." मी एकदा म्हणालो, "आत्या, ती पोरं जाऊन शेकडो वर्षं झाली." तर म्हणाल्या, "म्हणून काय त्यांना थंडी वाजली नव्हती, जावईबापू?" मागच्या दिवाळीत त्यांनी दारात कॉलेजच्या नकाशाची रांगोळी काढली. प्रार्थनामंदिर पांढरं, भोजनगृह पिवळं. सकाळी पोस्टमन थेट भोजनगृहात पाय देऊन गेला, तेव्हा "शूज, शूज!" म्हणत त्या फाटकापर्यंत त्याच्या मागे धावल्या.

गणपतीला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले की कोण कुठल्या कॉलेजचा, हा विषय निघतोच. कार्डिफहून आलेल्या एका डॉक्टरांनी आत्यांनाही विचारलं. आत्या मोदक खात शांतपणे म्हणाल्या, "ऑक्सफर्ड. पण आमचं बंद पडलं."

"अरेरे," डॉक्टर हळहळले. "हल्ली फंडिंगचा प्रॉब्लेम सगळीकडेच आहे."

"फंडिंग नाही हो. राजाची नजर वाईट."

डॉक्टरांनी घाईघाईनं दुसरा मोदक घेतला.

ती भिंत मात्र आत्यांनी पाहिली नव्हती. तीनदा गेल्या, तिन्ही वेळा बाग बंद होती. या मे महिन्यात मी त्यांना गाडीनं नेलं. गावाबाहेरच्या पार्क अँड राइडच्या तळावर गाडी लावली, बसनं गावात उतरलो, आणि कॉलेजच्या दारात पाटी: परीक्षा चालू, बाहेरच्यांना प्रवेश नाही. मी मागे वळलो. आत्या सरळ पोर्टरच्या, म्हणजे तिथल्या दरवानाच्या, खिडकीशी.

"मॅडम, तुम्ही कॉलेजच्या मेंबर आहात का?" पोर्टरनं विचारलं. उंच, पिकल्या मिशांचा माणूस होता.

"याच्या नाही. याच्या आधी इथं होतं, त्याच्या," आत्या आपल्या ठणठणीत इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून नकाशा काढून त्याच्यासमोर पसरला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "आणि तुमचा विषय काय होता तिथं?"

आत्यांनी नकाशाची घडी घातली. "काहीच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझं राहूनच गेलं."

पोर्टरनं किल्ल्यांचा जुडगा उचलला. "दहा मिनिटं," तो म्हणाला. "आणि आवाज नको, पोरं पेपर लिहितायत."

भिंत छातीइतकीच उंच होती, वेलीनं अर्धी झाकलेली. आत्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि हसायलाच लागल्या. "मला वाटलं होतं मोठी असेल!" मग तिथल्या बाकावर बसल्या आणि पोर्टर बोलवायला येईपर्यंत उठल्या नाहीत.

परतताना मोटरवेवर त्या आपणहून बोलू लागल्या. मॅट्रिक झाल्यावर सांगलीच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरून ठेवला होता. त्याच आठवड्यात लंडनचं स्थळ आलं. फॉर्म वहीत राहिला, वही माहेरी राहिली. तक्रार म्हणून नाही, बातमी सांगावी तसं त्या हे सांगत होत्या.

"इतिहासच घेणार होतात ना?" मी विचारलं.

"छे! इतिहासात मला कायम पस्तीस. केमिस्ट्री." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या नळ्यांमध्ये रंग बदलतात ना, ते एकदा स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं."

मागून येणाऱ्या लॉऱ्यासुद्धा आम्हाला ओलांडून जात होत्या, तरी मी डावी, संथ लेन सोडली नाही. त्या दिवशी पिनर जरा उशिरानंच यावं, असं वाटत होतं.