जमनाबाईच्या माळेतला राजा

मिलिंदने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तेव्हा मी पोळ्या करत होते. तव्यावरची करपली. फोटोत एका बंजारा माळेत राणीछाप रुपयांच्या रांगेत एक काळपट, इवलंसं नाणं लटकत होतं, आणि त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं! मिलिंद आमचा जुना शेजारी, आता पुसदजवळच्या तांड्यावरच्या शाळेत शिक्षक. मी जुनी नाणी जमवते हे त्याला ठाऊक आहे. किती हावरटपणे जमवते हे फक्त नवऱ्याला.

"ग्रीक दिसतंय," मी म्हटलं.

"म्हणजे शनिवारचा स्वयंपाक माझ्याकडे," नवरा म्हणाला.

अमरावतीहून नेर, दारव्हा, दिग्रस करत एसटीने पुसद गाठायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दारव्ह्याला आलूबोंड्यांची दुसरी प्लेट घेताना मन खात नाही. जायचं तर फेब्रुवारीत जा. दिग्रसच्या पुढे टेकड्या लागतात, पळस पेटलेला असतो आणि ऊन अजून माणसात असतं. मी मात्र खिडकीतून काहीच धड पाहिलं नाही, कारण मी एक बेत रचत होते. नाणं 'खोटं' आहे म्हणायचं. मग ते माळेतून काढतील. पर्समध्ये आणलेला झळझळीत राणीछाप रुपया मी त्या जागी ओवायला देईन आणि ग्रीक पाहुणा माझ्याबरोबर अमरावतीला येईल. सगळे खूश.

पुसदहून मिलिंदच्या मोटारसायकलवर तांड्यात पोचलो. जमनाबाई खाटेवर बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, गळ्यात माळ. ते नाणं लखलखत होतं. 

"पाहुनी येनार म्हून सुनेनं चिंच लावून घासलं," जमनाबाई कौतुकाने म्हणाल्या. "कसं काळंकुट्ट होतं!"

वाचकहो, जुनं नाणं कधीही, कुणासाठीही घासू नका. ती काळी झाक शतकानुशतकं चढलेली असते. मी कसंबसं हसून "छान" म्हटलं.

मग जमनाबाईंनी माझं मनगट धरलं. "बाई, खरं सांगजो. हे मले माह्या याडीनं लगनात देल्लं." याडी म्हणजे आई. "माही ननंद, ते समोरच्या घरातली सोना, तवापासून म्हनते, जमनीच्या मायनं खोटा पैसा ओवून देल्ला. याडी मेली, तरी हे म्हनूनच राह्यली. माही याडी खोटी होती काय, तेवढं पाह्य."

बेत पर्समध्ये रुपयाशेजारी पडून राहिला. मी भिंग आणि छोटा वजनकाटा काढला.

अशी नाणी पाहायची एक पद्धत असते. आधी कड. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला बारीक रेघ दिसते, अंगावर बुडबुड्यांचे खड्डे असतात. इथे दोन्ही नव्हते. उलट ठोका बसताना चांदीला गेलेली चीर होती. राजाभोवती ग्रीक अक्षरं. मागे वीज फेकायच्या पवित्र्यात अथीना देवी, तिच्याभोवती खरोष्ठी लिपीतली अक्षरं. वजन कडीसकट केल्यामुळे थोडं जास्त भरलं, पण बसत होतं. राजा मिनँडर, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्यालाच आपण मिलिंद म्हणतो, हे सांगितल्यावर आमचे मास्तर उगाच ताठ बसले.

"खरं आहे," मी म्हटलं. "अस्सल चांदी. या माळेतल्या सगळ्या रुपयांपेक्षा जुनं."

 जमनाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग तरातरा अंगणात गेल्या आणि अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सोने! ऐकलं काय वं? माह्या याडीनं खोटं नाही देल्लं! राजा देल्ला, राजा!"

समोरच्या दारातून उत्तर आलं, "कोन्त्या गावचा?"

"ग्रीकचा!" मिलिंद ओरडला.

"मंग आपला कुठी हाय?" म्हणत दार धाडकन लागलं.

त्या दुपारी मी मटण आणि ज्वारीची भाकर इतकी खाल्ली, की परत मोटारसायकलवर बसताना मिलिंदला पुढे सरकावं लागलं. रात्री पुसदच्या स्टँडजवळ लॉज घेतला. खोली बरी, गरम पाणी फक्त सकाळी, बादलीने. रविवारी घरी आले. नवऱ्याने रिकामे हात पाहिले आणि शहाण्यासारखा चहा ठेवला.

खरं सांगते, मला त्या नाण्याचा मोह अजून आहे. चडफडाट होतो. माझ्या संग्रहात मिनँडर नाही, आणि तो कुठे लटकतोय हे मला पक्कं माहीत आहे.

चार दिवसांनी मिलिंदच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे भलताच आवाज. "मी सोना बोलून राह्यलो, जमनीची ननंद. तिनं तुमाले काय खाऊ घातलं?"

"मटण-भाकर."

"मी बकरं कापतो. या. फक्त तांड्यासमोर एवढं म्हना, का पुन्यांदा पाह्यलं, तं ते खोटं निंघालं."

हे वाक्य मी एसटीत फुकट पाठ केलं होतं.

"नाही जमणार, सोनाबाई," मी म्हटलं. "तिची आई खरी होती."

 सोनाबाईंचा आवाज खाली आला, "ते तं मलेबी मालूम हाय. पन मी आता जमनीसंग भांडू कायच्यावरून?"