जागा असती, करावी लागती

गाडी गच्च भरली आणि दारातल्या माणसाचा एक पाय बाहेर लोंबायला लागला, की आमचा कंडक्टर तिकीट टोचायचा चिमटा वरच्या दांडीवर दोनदा आपटायचा. टक, टक. आणि म्हणायचा, "जागा असती, करावी लागती. सरका."

लोक कुरकुर करायचे, पण सरकायचे. जुन्या लाल गाडीतून फिरला असाल तर असा एखादा कंडक्टर तुम्हीही पाहिला असेल. त्याचं नाव मी लिहिणार नाही. गाडीत त्याचं नाव कुणी विचारू नये असंच त्याला वाटायचं. नावानंतर लोक आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की सरकायचे, ते निराळ्या कारणानं.

मी त्याचा ड्रायव्हर. जिंतूरहून वालूरकडं जाणारी गाडी आमची. मी तिसरी शिकलेला, तो मॅट्रिक. तो मला उस्ताद म्हणायचा, मी त्याला मास्तर. बाकी आमचं काही जमत नव्हतं. मी तंबाखू खाणारा, तो साधी सुपारी न खाणारा. मी नियम मोडणारा, तो नियमावर बोट ठेवणारा. तरी वर्षानुवर्षं एका गाडीवर काढली.

एकदा एक फेटेवाले मालक तिघांच्या बाकावर एकटे बसले. शेजारी शेंगांचं पोतं. बाया उभ्या. हा जाऊन म्हणाला, "मालक, पोत्याचं तिकीट काढू का मांडीवर घेता?" मालकांनी डोळे वटारले. हा तसाच उभा. शेवटी पोतं मांडीवर गेलं आणि दोन बाया बसल्या. वालूर येईपर्यंत मालकांचं तोंड पोत्याआडून दिसलं नाही.

आणि एक कोंबड्यावाली मावशी होती. बाजाराच्या दिवशी डालगं घेऊन चढायची. ती त्याच्या हातातून तिकीट घ्यायची नाही. "वरून टाक रं बाबा," म्हणायची. हा वरून टाकायचा. एकदा वाऱ्यानं ते तिकीट उचललं आणि खिडकीतून बाहेर नेलं. हा म्हणाला, "तिकीट उडालं मावशी. विटाळ तेवढा बसून ऱ्हायला." सगळी गाडी हसली. मावशी हसली नाही. पुढच्या बाजाराला तिनं आधी खिडकी लावून घेतली, मग म्हणाली, "हां, टाक आता."

असे दिवस चालले होते. मग विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि आपला मराठवाडा पेटला. गावकुसाबाहेरच्या वस्त्या जळायला लागल्या. गाड्या बंद झाल्या. दोन-चार दिवसांनी डेपोच्या साहेबांनी एक गाडी सोडून बघायचं ठरवलं, ती आमची.

मी त्याला बाजूला घेतलं. "मास्तर, रजा टाका."

"रजा टाकून जाऊ कुठं उस्ताद? घर बी वस्तीतच हाय."

गाडीत मोजकी माणसं होती. कोंबड्यावाली मावशी होतीच, तिला कशाचं भय नव्हतं. सरकारी दवाखान्यापाशी एका शेतकऱ्यानं हात केला. पाठीवर बाप घेऊन तो चढला. बापाच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच. दोघं मागच्या लांब बाकावर बसले.

गाव सुटल्यावर कंडक्टर तिकिटं द्यायला मागं गेला. "आजोबा, पाय आत घ्या," म्हणाला. आजोबांनी घेतला नाही. यानं वाकून त्याच्या नाकापुढं बोट धरलं. मला आरशात दिसत होतं. मग घंटी न वाजवता तो चालत माझ्याजवळ आला.

"उस्ताद, एक प्रवासी कमी झाला."

"उतरला?"

"उतरला म्हणा. सामान तेवढं गाडीतच ऱ्हायलंय."

गाडीत माणूस गेला तर गाडी सरळ पोलीस ठाण्याला न्यायची, असा नियम. मग पंचनामा, मग चिरफाड. नियम म्हटल्यावर हा वळवायला सांगणारच, म्हणून मी वेग कमी केला. तेवढ्यात तो शेतकरी वाकत वाकत आला आणि यानं मागं सरायच्या आत याचे पाय धरले.

"सायेब, ठाण्याला नगा नेऊ. आडवं निजवतील त्याला."

त्याच्या दबक्या रडण्याचं कारण मला माहीत होतं. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. मांडी घालून, पाठ भिंतीला टेकवून, हातात लिंग देऊन. बसलेलाच मिरवत नेतात आणि बसलेलाच पुरतात. पण अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. त्या शेतकऱ्याचा चुलता शेतात मरून पडला होता, सापडला तोवर लाकूड झाला होता. गुडघे मोडून बसवला. "तो आवाज मी लहानपणी ऐकलाय सायेब," तो म्हणाला. "बापाचा न्हाई ऐकवणार मला."

कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला.

"नियमाचं तू बघ," मी म्हणालो, "स्टेरिंगचं मी बघतो." आणि गाडी सरळ दामटली.

तो मागं गेला. म्हाताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसला. दोघांनी मिळून त्याची मांडी घातली, पाठ बाकाला लावली आणि दोन्हीकडून धरून ठेवला. लेकानं कमरेच्या पिशवीतून विभूती काढून बापाच्या कपाळाला नव्यानं लावली. "जागा असती," कंडक्टर पुटपुटला, "करावी लागती."

रस्ता कसला, खड्डेच. दर खड्ड्याला म्हाताऱ्याचं डोकं याच्या खांद्यावर, गालावर, कपाळावर आदळायचं. पुढच्या माणसांना कळू नये म्हणून हा मोठ्यानं म्हणायचा, "झोपा आजोबा, गाव आलं की उठवतो." मावशीनं एकदा वळून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग पदर ओढून पुढं तोंड केलं.

आणि एका फाट्यावर रस्ता अडवलेला दिसला. त्या गावाचं नाव सांगत नाही, तिथं आता माझे सोयरे आहेत. आडवी बाभळ, दगड, काठ्या आणि रॉकेलचे डबे घेतलेले लोक. मागं फिरवायला रस्ता नव्हता. आरशात पाहिलं तर त्या शेतकऱ्यानं आपलं घोंगडं काढून कंडक्टरच्या खाकीवर टाकलं होतं. तिकिटाची पेटी बाकाखाली गेली होती.

एक काठीवाला पोरगा वर चढला.

"कंडक्टर कुठंय?"

त्यानं मावशीलाच विचारलं, "मावशी, कंडक्टर?"

मावशीनं एक बोट दाखवायचा अवकाश होता.

"मागल्या फाट्याला पळालं ते," मावशी म्हणाली. "माझं तिकीट बी दिलं न्हाई मेल्यानं." तिकीट तिच्या मुठीत होतं.

मग त्यानं एकेकाला म्हणायला लावलं, नाव बदलू देणार न्हाई. लोक म्हणाले. मला म्हणाला, म्हण. मी तोंडाकडं बोट दाखवलं, तंबाखू भरलाय म्हणून. तो मागच्या बाकापाशी गेला.

"ह्यो म्हातारा कामून बोलंना?"

"माझा बाप हाय. दवाखान्यातून न्यायलोय. बहिरा हाय."

"आन ह्यो?"

"माझा थोरला भाऊ."

पोरानं निरखून बघितलं. बापाच्या कपाळाची विभूती घासून घासून कंडक्टरच्या कपाळाला लागली होती. तिघांची कपाळं सारखी दिसत होती.

"तू तर बहिरा न्हाईस ना? म्हण की मग."

कंडक्टरनं म्हाताऱ्याची मांडी सावरली.

तुम्ही म्हणाल, चार शब्द होते, म्हणून टाकायचे, जीव वाचवायचा. मलाही तेच वाटत होतं. आरशात मला त्याचे ओठ दिसत होते. ते हलत नव्हते.

"भाऊ, म्हणा की," तो शेतकरी काकुळतीला आला. "म्हणा हो भाऊ."

तो म्हणाला नाही. पोरानं घोंगड्याला हात घातला.

पुढं उतार होता. माझा पाय ब्रेकवरनं निघाला. सटकला की काढला ते मला विचारू नका. गाडीनं हिसका दिला आणि म्हातारा दोघांच्या हातातून सुटून सरळ त्या पोराच्या छातीवर गेला, गळ्यात पडावं तसा. पोरानं सावरायला धरलं. गार गाल त्याच्या मानेला लागला.

"मढं हाय रं," तो ओरडला. "गाडीत मढं हाय."

काठी तिथंच टाकून तो खाली उडाला. जी माणसं पोलिसाला भीत नव्हती, लेकराबाळांच्या घरांना काडी लावायला भीत नव्हती, ती एका म्हाताऱ्यापासून मागं सरकली. बाभळ त्यांनीच ओढली. दगड त्यांनीच उचलले. एकानं तर हात जोडले. "जाऊ द्या, जाऊ द्या, मढं हाय."

बरंच पुढं आल्यावर कंडक्टरनं म्हाताऱ्याला खालून उचललं, परत मांडी घालून बसवलं, त्याचं धोतर झटकलं.

"उस्ताद," तो म्हणाला, "इतकी वर्षं घसा फोडतोय मी. ह्यानं तोंड न उघडता सगळा रस्ता रिकामा केला."

मी हसलो. आरशात बघितलं तर तो हसत नव्हता. थरथरत होता. त्यानं धरून बसवलेला म्हणून म्हाताराही थरथरत होता.

मी विचारलं, "मास्तर, म्हणायचं होतं की."

"तोंड उघडलं असतं उस्ताद, पण भलतंच निघालं असतं."

त्या शेतकऱ्याच्या गावात पोचलो तेव्हा म्हाताऱ्याचे गुडघे अजून मऊ होते. आंघोळ घालून ओट्यावर भिंतीला टेकवून बसवला, अगदी जेवायला बसावा तसा. लेक उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडला. मग भाऊबंदांतल्या एका वडीलधाऱ्यानं कंडक्टरला विचारलं, "धरलं कुणी होतं? तुमी? कोणचे तुमी?" यानं सांगितलं. घोंगडं काढून, घडी करून सांगितलं.

घागरी आल्या. म्हाताऱ्याला परत धुतलं. लेकाच्याच हातात तांब्या दिला होता. तो मान खाली घालून पाणी ओतत होता.

मी पुढं व्हायला लागलो. मला राग लवकर येतो. यानं माझा हात धरला.

"धुवू द्या उस्ताद. रस्त्याची धूळ लय बसलीय त्याच्यावर."

त्याच्या स्वतःच्या कपाळावरची विभूती तशीच होती.

त्याच रात्री मास्तरची वस्ती जळाली. बायको-लेकरं ज्वारीच्या रानात लपली म्हणून वाचली. तो कामावर परत आला तेव्हा दांडीवर नुसता चिमटा आपटला. लोक आपणच सरकले.

काही महिन्यांनी बाजाराच्या दिवशी तो शेतकरी गाडीच्या दारात आला. आत येईना, खाली जाईना. गाडीत त्याच्या गावची माणसं होती. मग त्यानं तळहात पुढं केला.

"भाऊ, तिकीट द्या."

कंडक्टरनं त्या तळहातावर तिकीट ठेवलं. "आत या. जागा असती."

यावर मावशीनं काय केलं ते ऐकायचंय? काही नाही. खिडकी मात्र तिनं त्या दिवशी उघडीच ठेवली होती.

विद्यापीठाचं नाव बदललं ते आमच्या मास्तरनं पाहिलं नाही. त्याआधीच छातीच्या दुखण्यानं गेला. मी पोचलो तेव्हा वस्तीत नवे पत्रे तापले होते आणि त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. आडवा. थोड्या वेळानं तो लिंगायत आला. केस पिकलेले, कपाळाला विभूती, हातात बेलाचं पान. वस्तीतला एक तरणा पोरगा आडवा आला. "इथं असलं चालत न्हाई काका." पोराचंही बरोबर होतं, बेल-भस्म वस्तीनं कधीच सोडलं होतं. लिंगायतानं पानावर मूठ मिटली आणि दारातच उभा राहिला, त्या दिवशी गाडीच्या दारात राहिला होता तसाच.

मास्तरची बायको प्रेतापाशी बसली होती. तिनं मान वर केली.

"सरका," म्हणाली. "जागा करा त्याला."

त्यानं पान खिशात ठेवलं आणि पुढचा खांदा घेतला. तो उंच माणूस, मान वाकडी करून चालावं लागत होतं. वाट सगळी खड्ड्यांची. दर पावलाला त्याचं कपाळ त्या पांढऱ्या कापडाला घासत होतं. मी मागच्या खांद्याला होतो. कापडावर राखेचा डाग उठला तो मी पाहिला. त्या तरण्या पोरानंही पाहिला.

धुवायला पाणी कुणी मागितलं नाही.