सनई वाजली आणि मी बंद केली

माझ्या मावसबहिणीचा आवाज चांगला आहे, हे मला वयाच्या बाराव्या वर्षापासून ऐकवण्यात आलं आहे. ऐकवणारा दरवेळी माझ्याकडे वळून एक वाक्य जोडतोच, "आणि हिचा अभ्यास दांडगा." अभ्यास म्हणजे काय, तर मी संगीताच्या सगळ्या परीक्षा दिल्या, शाळेत पोरांना सा लावायला शिकवता शिकवता केस पांढरे केले, देवासच्या घरातल्या मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची खोली केली. आणि ही धारची बाई, जी कुणाकडे एक दिवस शिकायला गेली नाही, ती पोळ्या लाटताना गुणगुणते आणि माणसं जेवायची थांबतात. मला तिचा हेवा वाटतो. लहानपणी वाटायचा तसाच, ताजाच्या ताजा. वय वाढलं म्हणून तो काही कमी झाला नाही.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत मंगलाष्टकं घरच्याच कुणीतरी रचायची आणि घरच्याच बायकांनी म्हणायची अशी रीत आहे. आता मुलींना ती वाद्यांसकट रेकॉर्ड करून हवी असतात, स्पीकरवर वाजवायला. भाची देवासलाच, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. रेकॉर्डिंगची खोली माझी, परीक्षा मी दिलेल्या, त्यामुळे म्हणायचं काम माझ्याकडेच येणार हे मी धरून चालले होते. मनातल्या मनात पट्टीसुद्धा ठरवून ठेवली होती. एका संध्याकाळी ती आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आत्या, मंगलाष्टकं धारची आत्या गाऊन पाठवणार आहे. तू फक्त रचून दे ना, तुझं मराठी किती छान आहे."

फक्त. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडाने मी "हो गं, देते की" म्हटलं. पाच कडवी रचली. तिसऱ्या कडव्यात मुद्दाम अशी जोडाक्षरं घातली की हिंदी शाळेत शिकलेली जीभ हमखास अडखळावी. मावसबहिणीने फोन करून दोन शब्दांचे अर्थ तेवढे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी ते कडवं एका दमात म्हणून पाठवलं. मी ते चारदा ऐकलं. कुठे अडखळते का ते बघत होते. नाही अडखळली.

हे सगळं ती घरच्या घरी, दार लावून करत होती. त्याला कारण होतं. चार माणसांसमोर उभं केलं की तिचे पाय कापतात आणि आवाज फाटतो. शाळेत एकदा रडत स्टेजवरून खाली उतरली होती. म्हणून ती कधी कार्यक्रमात गायली नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये समोर कुणी नसतं. व्हिडिओ बघून बघून ती सॉफ्टवेअर शिकली. गाणं ज्यात रेकॉर्ड होतं त्या मोठ्या सॉफ्टवेअरला बाहेरच्या कंपन्यांचे छोटे प्रोग्राम जोडता येतात, त्यांना प्लगइन म्हणतात. एखादा आवाजाला घुमारा देतो, एखादा वाद्य वाजवतो. हिने सनईचा घेतला होता. मग या कामासाठी नवा कॉम्प्युटर आला, त्यावर तो सनईवाला पुन्हा घातला, आणि सनई मुकी झाली.

"ताई, ते लोडच नाही होऊन राहिलं," फोनवर ती रडकुंडीला आलेली. "खिडकी उघडते, सनईचं चित्र दिसतं, दाबलं की सन्नाटा."

पहिला आठवडा मी खरोखर मनापासून मदत केली, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. काढून पुन्हा घाल म्हटलं, तिने घातलं. सॉफ्टवेअरला सगळे प्लगइन नव्याने शोधायला लाव म्हटलं, तिने लावलं. बंद केलेल्यांच्या यादीत तर गेला नाही ना, ते बघायला सांगितलं. परवाना चालू आहे का ते तपासलं. कंपनीला तिने मेल लिहिला, तिकडून ठरावीक साच्याचं उत्तर आलं. दिवसातून तीनदा तिचा फोन यायचा आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. तिला येत नाही आणि मला येतं अशी एक तरी गोष्ट होती. फक्त मलाही ते जमत नव्हतं.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा मी स्वतःच धारला गेले. इंदूरला बस बदलून पोचेपर्यंत दुपार झाली. मावशी बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. माझी आई गेल्यापासून आईच्या जागी तेवढीच एक उरलेली, पण बाई तोंडाची फटकळ. "आलीस? बघ बाई काय ते, हिने जेवण सोडलंय," एवढंच म्हणाली.

आत टेबलावर तो नवा कॉम्प्युटर होता. झाकणाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. मी समोर बसले आणि सनईचे आवाज नेमके कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलेत ते उघडून बघितलं. पत्त्याची ओळ वाचली आणि माझा हात थांबला. इंग्रजी अक्षरांच्या मधोमध, देवनागरीत लिहिलेलं: श्री.

"हे श्री कुणी लिहिलं?"

"आईने लिहायला लावलं," बहीण म्हणाली. "पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने नाव विचारलं. आई म्हणाली, नवी वस्तू आहे, पहिलं अक्षर श्रीच पडलं पाहिजे. मग मी तेच टाकलं. का गं, काही चुकलं का?"

आमच्या घरांत नव्या वहीवर, नव्या डब्यावर, लग्नाच्या यादीवर आधी श्री पडतं, मग बाकीचं. कॉम्प्युटरने तिचं सगळं सामान त्याच नावाच्या फोल्डरात ठेवलं होतं. तो परदेशी प्लगइन आपले आवाज शोधत तिथवर यायचा, देवनागरी अक्षर त्याला वाचता यायचं नाही, आणि तो गुपचूप बसायचा. त्याला रस्ताच सापडत नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं. फोल्डर उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवायचा, साधं इंग्रजी नाव द्यायचं, प्लगइनला नवा पत्ता सांगायचा.

"काही नाही, सहज विचारलं," मी म्हटलं. "तू चहा टाक."

ती गेली. मी फोल्डरची एक प्रत बाहेर ठेवली, नवा पत्ता दिला, हेडफोन कानाला लावला आणि तिचं गाणं सुरू केलं. सनई वाजली. लगेच, स्वच्छ, आणि तिच्यामागून बहिणीचा आवाज आला. शब्द माझे होते. मी पाचही कडवी ऐकली. तिसऱ्या कडव्यात मी खड्डे खणून ठेवले होते, तिथून ती अशी गेली की ते शब्द मुळात तिच्याचसाठी रचलेत असं वाटावं. मला रडू आलं. ते कौतुकाचं नव्हतं. माझ्या खोलीत, माझ्या गाद्यांच्या भिंतींत, एवढ्या वर्षांत असं एकदाही वाजलं नव्हतं.

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. मी जुना पत्ता पुन्हा घातला, प्रत पुसून टाकली. ती ट्रे घेऊन दारात आली तेव्हा मी मान हलवली.

"नाही होत गं. सगळं करून बघितलं."

तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "मी नुसता आवाज पाठवू? तू तिकडे सनई लाव."

"ही सनई माझ्याकडे नाही. ती तुझ्या नावावर घेतलेली आहे." हे मात्र खरं होतं. मग मी ज्या वाक्यासाठी हे सगळं केलं होतं ते जमेल तितक्या हळू आवाजात म्हटलं, "माझ्याकडे माझी वाद्यं आहेत. हवं तर मी गाऊन टाकते. तुझी सुटका."

तिने लगेच भाचीला फोन लावला. माझ्या नावाची शिफारससुद्धा केली, अगदी मनापासून. पलीकडून भाची काय म्हणाली ते मला स्पीकरवर ऐकू आलं. "नको ना आत्या. सनई राहू दे, काहीच नको. तू समोर उभी राहून म्हण. मला तुझाच आवाज पाहिजे."

बहिणीने माझा हात धरला. "ताई, माझ्याच्याने नाही होणार. माझी फजिती होईल सगळ्यांसमोर."

"काही होत नाही," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, होऊ दे.

पुढचे चार दिवस फोन माझ्या हातात होता. फोल्डरचं नाव बदल, एवढी एक ओळ पाठवली असती तरी पुरलं असतं. मी पाठवली नाही. तिने रडत खाली उतरावं, कुणीतरी माझ्याकडे बघावं, मी पुढे होऊन पुढचं कडवं उचलावं, असं माझ्या मनात होतं. घरी मी पाचही कडव्यांची तालीम करत होते.

मुहूर्ताला अंतरपाट धरला. बहीण माइकसमोर उभी राहिली तेव्हा तिचा पदर थरथरत होता, बाजूला लांब उभं राहूनही दिसत होतं. "भिया, जरा धीमा रखना," ती माइकवाल्याला म्हणाली, आणि तेवढं बोलतानाच आवाज चिरकला. पहिली ओळ कापत निघाली. दुसरी मध्येच तुटली. मला बरं वाटलं. हो, वाटलं. अक्षता डाव्या हातात घेऊन मी एक पाऊल पुढे टाकलं.

तिने मला बघितलं. मी आधार द्यायला आले असं तिला वाटलं असावं, कारण तिने श्वास घेतला, नजर माझ्यावर ठेवली आणि ती तुटलेली ओळ पुन्हा उचलली. मग थांबली नाही. सनई नाही, घुमारा नाही, काही नाही. धारच्या त्या खोलीत ऐकलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठं गाणं होतं ते. बोलणारी माणसं गप्प झाली. कडवं संपल्यावर अक्षता टाकायच्या हेसुद्धा अर्धी माणसं विसरली. भाची अंतरपाटामागे रडत होती, आणि मी माझेच शब्द बहिणीच्या तोंडून ऐकत, पुढे टाकलेल्या त्या पावलावर तशीच उभी राहिले.

नंतर बायकांनी तिला घेरलं. तिने गर्दीतून हात घालून मला ओढलं आणि वराकडच्या मंडळींना सांगायला लागली, "हिच्यामुळे झालं. मी तर मशीनमागे लपणार होते. ही धारला आली, सगळं बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की नाही होत. मी अडले तर ही पुढे येऊन उभी राहिली."

मावशी गर्दीतून वाट काढत आली. एवढ्या वर्षांत तिने मला कधी जवळ घेतलं नव्हतं. तिने माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. "स्वतःला येत असून दुसरीला पुढे केलंस," ती म्हणाली. "मन मोठं आहे हो तुझं. तुझी आई आज असायला हवी होती."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाकून मावशीच्या पाया पडले.