साहेबांसाठी भरलेलं पाणी

टँकरची पाहणी करायला साहेब येणार असा निरोप आला, तेव्हा आमचे मामा बाजेवर उठून बसले. मामा म्हणजे माझे सासरे, तांड्याचे नाईक. त्याआधी कित्येक दिवस ते मुतखड्याच्या कळांनी कण्हत पडून होते. हिंगोलीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, एक किडनी गेल्यात जमा आहे, दुसरी वाचवायची असंल तर म्हाताऱ्याला पाणी भरपूर पाजा. दिवसभर पाजत राहा. सांगायला काय जातं! आमचा तांडा साखरा गावाच्या वरच्या अंगाला, निव्वळ माळावर. खाली गावात ओढ्याकाठी विहिरी, वर आमच्याकडं मुरूम आन् दगड. होळी झाली की तांड्याची विहीर तळ दाखवती आन् बायकांच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत न्हाई. म्हणून टँकर पायजे होता. मला तर दुसऱ्या कशासाठी नको होता, त्या माणसाच्या पोटात पाणी पडावं एवढंच होतं.

आता कुणी म्हणंल, सरकारनं घरोघरी नळ दिले ना. दिले की! माझ्या दारात बी आहे. निळा पाइप, त्याला चकचकीत तोटी. विहिरीवर सौर पंप बसवला, त्याच्या पाट्या अशा चमकतात की बघवत न्हाई. विजेची तकलीफ नको म्हणून पंप उन्हावर केला, चांगलंच केलं, ऊन आमच्याकडं लागंल तेवढं. पण उन्हाळ्यात पंप चालायला तयार आन् विहिरीत ठणठणाट. पावसाळ्यात विहिरीत पाणी आन् आभाळ असं दाटलेलं की पंप हूं का चूं करत न्हाई. हसावं का रडावं सांगा. ते बी चाललं असतं. पण नळ बसला त्या दिवसापासून सरकारच्या कागदावर आमचा तांडा पाणीवाला झाला. अन् पाणीवाल्या गावाला टँकर पायजे तर साहेबानं स्वतः येऊन टंचाई डोळ्यांनी बघायची, असा नियम.

मी बारावी शिकलेली, म्हणून गावच्या पाणी समितीत मला घेतलेलं. तालुक्याच्या कचेरीत चकरा मारून मारून माझ्या चपला झिजल्या होत्या. साहेब येणार म्हणल्यावर मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. आता काय, येतील, कोरडी विहीर बघतील, मंजूर करतील.

पण मामांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

आधी एक गोष्ट सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आमच्या बंजारा लोकांत सून सासऱ्याशी तोंडानं बोलत न्हाई. लग्न होऊन मला वीसएक वर्षं झाली, पोरगी कॉलेजला गेली, पण मामांना काही सांगायचं तर मी सासूकडं तोंड करून बोलायची. ते तिथंच दोन हातांवर बसलेले असायचे, सगळं ऐकू जायचं, तरी बी ‘आत्या, मामांना सांगा’ असंच. ते बी आत्याकडं बघून म्हणायचे, ‘तिला सांग.’ आत्या मधे बसून तांदूळ निवडायची आन् दोघांकडं बघायची सुद्धा न्हाई, कारण आमी एकमेकांचं बराबर ऐकलेलं असायचं.

तर मामांनी फर्मान काढलं, "तांड्यावर पाहुणा येऊन राहिला. एका बी दारात रिकामं भांडं दिसता कामा न्हाई. सगळ्या बायांनी पाणी भरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्या, मामांना सांगा, साहेब टंचाई बघायला येऊन राहिला, पाहुणचार झोडायला न्हाई. रिकामे हंडे दारात पालथे घाला म्हणा."

"तिला सांग," मामा म्हणाले, "दारात आलेल्या माणसानं रिकामी घागर बघितली तर तो पाण्याला सुद्धा थांबत न्हाई. तसाच पाठमोरा जातो. माझ्या बापाच्या राज्यात असं झालं न्हाई, माझ्या बी होणार न्हाई. विहीर कोरडी आहे ती बघंल की तो. घरात काहून बघावी?"

त्यांचं म्हणणं असं, की गरज विहिरीवर दाखवायची, घरात न्हाई. घरात आलेला माणूस तृप्त होऊनच गेला पायजे. मी लाख डोकं आपटलं, पण नाईकाचा शब्द. माझ्या जावा, शेजारणी सगळ्या निघाल्या. पुसेगावच्या रस्त्याला एका चाचांचं शेत आहे, त्यांची मोटार चालू असली की ते बायकांना भरू देतात, कधी तोंड वाकडं करत न्हाईत. त्या दिवशी लाईट सकाळच्या पाळीची होती. उजाडल्यापासून आमी खेपा घातल्या. माळ चढताना माझ्या मानेत कळ निघायची आन् मी मनातल्या मनात साहेबाला, सरकारला आन् नाईकाला, तिघांनाबी शिव्या घालत होते.

दुपारी साहेब आले तेव्हा तांडा कसा दिसत होता म्हणता! दारोदार काठोकाठ भरलेल्या घागरी, त्यांच्यावर घासून लख्ख केलेले तांबे. एवढंच न्हाई, धूळ उडू नये म्हणून बायांनी वाटेवर सडा टाकला होता. सडा! तो ओला सडा बघून मी कपाळावर हात मारला.

साहेब तसा वाईट न्हाई, तरणा माणूस, घामानं निथळत होता. विहिरीवर जाऊन आला, वाकून बघितलं, फोटो काढला. मग बाजेवर बसला. मामांनी स्वतःच्या हातानं तांब्या पुढं केला. साहेब संकोचला. म्हणाला, "राहू द्या बाबा. तुमच्याकडं पाण्याची एवढी अडचण, मी गाडीत पिईन."

आन् आमचे मामा, छातीला हात लावून, काय म्हणाले?

"छे छे साहेब! पाण्याची काय बी कमी न्हाई. लय आहे. पोटभर प्या, पाय धुवा, तुमच्या डायवरला बी बोलवा."

मी पदराआड उभी होते. वाटलं धरणी दुभंगावी. साहेबानं भरलेल्या घागरींवर नजर फिरवली, पाणी प्यायला, कौतुकानं मान हलवली.

गाडी निघाली तशी मी चप्पल न घालता मागं पळाले. सड्याच्या चिखलात पाय घसरला, तरी पळाले. काच खाली झाली. मी सगळं भडाभडा सांगितलं, हे पाणी कुठून आणलं, काहून आणलं, मामा असं काहून बोलले, मामांना दुखणं काय आहे. साहेब ऐकून घेत होता. मग हसला, पण छद्मी न्हाई, समजावल्यासारखा. म्हणाला, "ताई, आठवड्याला मी अशी किती गावं बघतो. पाणी असून नाही म्हणणारेच सगळीकडे भेटतात. तुमच्या बाबांसारखा खरं बोलणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला."

अहो, खरं बोलणारा म्हणे! तांड्यात त्या दिवशी खरं बोलणारी मी एकटी होते आन् मीच खोटी ठरले.

निकाल यायचा तोच आला. घरगुती साठा दिसून आला, सध्या टँकरची गरज न्हाई.

मी हिंगोलीला गेले. उन्हाळ्याच्या पाण्याचा जिल्ह्याचा आराखडा ठरवायची बैठक होती, समितीवाल्यांना मागच्या खुर्च्या दिल्या होत्या. पुढं पडद्यावर नकाशा. हवामान कसं बदलत चाललंय, जमिनीतलं पाणी कसं जपायचं, उन्हावरच्या पंपांनी किती वीज वाचंल, सगळं चांगलं चांगलं बोलणं चालू होतं. आमच्या गावाला हिरवा रंग होता. हिरवा म्हणजे पाणी समाधानकारक. मी उभी राहिले. म्हणलं, "साहेब, तुमी पाण्याची पातळी मोजता ती विहीर खाली ओढ्याकाठी आहे. आमी वर माळावर राहतो. ओढ्यातलं पाणी मोजून माळाला हिरवं काहून करता?"

सगळ्यांनी वळून बघितलं. पुढचे मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण आराखड्यात गाव हे एकक धरलेलं आहे. एका तांड्यासाठी धोरण बदलता येत नाही. तुम्ही पुन्हा अर्ज करा, पुन्हा पाहणी लावू."

मुद्दा बराबर आहे म्हणाले. ते ऐकून तर मला रडूच फुटलं. चूक आहे म्हणले असते तर भांडले तरी असते! बराबर आहे म्हणणाऱ्याशी कसं भांडावं माणसानं? एस.टी.त बसून साऱ्या वाटेनं मी पदरानं डोळे पुसत आले.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं, नेहमीसारखं, मामांच्या समोर. रागाच्या भरात हे बी म्हणलं, "आत्या, टँकर आला असता. मामांच्या त्या एका बोलण्यानं गेला." मामा बाजेवर आडवे झाले आन् भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर मी जिद्दीला पेटले. टँकर न्हाई तर न्हाई, डोक्यावर आणीन. सकाळी दोन खेपा जास्त घालायला लागले. आणलं की पहिला तांब्या मामांच्या उशाला. आत्याला विचारायची, "मामा पिऊन राहिले ना?" आत्या म्हणायची, "पितो म्हणतात की." तांब्या रिकामा दिसायचा. मला बरं वाटायचं. पण माणसाचा चेहरा सुकत चालला होता, ओठांना भेगा, पायावर सूज. हे कसं, मला कळंना.

एकदा मी अर्ध्या वाटेतून माघारी आले, डोक्यावरची चुंबळ विसरली होती म्हणून. बघते तर मामा भिंत धरधरून रांजणापाशी आलेले आन् उशाचा तांब्या रांजणात ओतून राहिले. थेंब सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला.

मी ओरडलेच, "आत्या! अहो आत्या, मामांना विचारा, हे काय चाललंय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. घरात आत्या सुद्धा नव्हती, ती शेळ्या घेऊन गेली होती. तरी बी ते रिकाम्या घराकडं तोंड करून म्हणाले, "तिला सांग, टँकर मी घालवला. माझ्यापायी तिनं माळ चढायचा आन् मी ते गटागटा प्यायचं, हे माझ्याच्यानं होत न्हाई. घशाखाली उतरतच न्हाई, सांग तिला."

मी त्यांच्या समोर उभी होते आन् सांगायला मधे कुणी नव्हतं. मी तो तांब्या त्यांच्या हातून घेतला, भरला, परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले, माझ्या समाधानासाठी. पुन्हा अर्ज मी केलाच होता. पाहणी काही लागत नव्हती. मी दुपारी घरीच बसायला लागले, राखण करत. पण माणूस ज्याला प्यायचंच न्हाई, त्याला पाजणार कसं? तोंडात धरायचे आन् मी वळले की मातीत थुंकायचे.

मग एका सकाळी त्यांना लघवीच होईना. नवऱ्यानं गाडी केली, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, पाणी किती पिता?"

"लय पितो, साहेब," मामा म्हणाले.

माझा बांध फुटला. "खोटं बोलून राहिले!" मी साऱ्या दवाखान्यादेखत ओरडले. "मामा, काहून खोटं बोलता हो? डॉक्टरला बी पाहुणा समजून राहिले का तुमी? मरायचं आहे का तुमाला?" आत्या न्हाई, पदर न्हाई, सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून. नवरा मला गप बस म्हणून खुणा करत होता. मी काय गप बसते! डॉक्टरांनी सगळं ऐकलं आन् मामांना आत नेलं.

आमी तिथं राहिलो. नळ्या, सुया, रोजच्या तपासण्या. मी देवाला नवस बोलले, टँकर नको, काही नको, ती एक किडनी राहू दे.

न्हाई राहिली. डॉक्टरांनी आमाला बाजूला घेतलं. म्हणाले, यापुढं मशीनवर रक्त साफ करावं लागंल, आठवड्यातून दोनदा तरी. आन् घरी एक ध्यानात ठेवा, आता यांना पाणी जास्त द्यायचं न्हाई. अंगात साठतं, बाहेर निघत न्हाई. दिवसाला एखादा तांब्या, बास. मागितलं तरी द्यायचं न्हाई.

मी आत गेले. मामा जागे होते. डॉक्टरांनी त्यांनाबी सांगितलं असावं, कारण त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.

"बरं झालं पोरी," म्हणाले, "तुझ्या खेपा तरी वाचल्या."

मी खाटेचा दांडा धरून तिथंच खाली बसले, आन् नर्सबाईनं उठवलं तरी मला उठता येईना.