सांडखोलचा बावटा

सांडखोल बंदर लहान. इतकं लहान, की बंदर खात्याच्या मुख्य कचेरीला ते कोनशिला बसवायची असली तरच आठवतं. लवू कुबल तिथला शिपाई. बिनतारीवरून वादळाचा इशारा आला, की टेकडीवरच्या काठीला काळ्या टोपल्यांचा बावटा चढवायचा, हे त्याचं काम. गावात आभाळ कोण बघतो? काठी बघतात. बावटा नाही, म्हणजे होड्या खाडीबाहेर.

अकरा वर्षांपूर्वी नव्या धक्क्याची कोनशिला होती आणि मंत्री लाँचने यायचे होते. नेमका त्याच सकाळी आठला इशारा आला. लवू दोरी सोडायला धावला, तर निरीक्षक म्हणाले, "थांब रे. बावटा लागला तर साहेबांची लाँच कोण सोडेल? दोन तासांनी चढव, तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?" आणि हा मेला थांबला. नोकरीची भीती, दुसरं काय! त्या दोन तासांत त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रतनच्या नवऱ्याने होडी बाहेर काढली. सोनू तांडेल परत आलाच नाही.

तेव्हापासून बावटा चढवताना दोरी जड लागायची. खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. लवूने कप्पीला तेल घातलं, दोरी बदलली, देवाला कौल लावला. काही फरक नाही. भर दुपारी पाठीमागून सोनूचा तोच थट्टेखोर आवाज यायचा, "काय मेव्हणे, अजून नाही चढवलात?" लवू मागे वळायचा नाही.

यंदा खात्याने बंदराचा विकास काढला. धक्का वाढणार, इशारे मोबाइलवर येणार, काठी उद्या कापणार. सुटलो, असं लवूला वाटलं. शेवटचं म्हणून तो काठी पुसायला गेला, तर आवाज अगदी कानाशी आला, "मग आता घरीच येऊ का राहायला?"

लवू तसाच टेकडी उतरून रतनच्या दारात गेला. ती मासळी सुकत घालत होती. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं. "मारायचं तर मार," म्हणाला.

रतनने हातातला बांगडा खाली ठेवला. "इशारा किती वाजता आला होता, दादा?"

"आठला."

"साडेआठला ते इथेच बसले होते. म्हणत होते, वारा बरा नाही, आज नको. मीच हाताला धरून अंगणात आणलं नि काठी दाखवली. म्हटलं, कुठाय बावटा? आळशी कुठले, निघा."

लवू तिथेच अंगणात खाली बसला.

"अकरा वर्षं मला वाटतंय, मीच त्यांना धाडलं," रतन म्हणाली. "तुझ्या मांडीवर डोकं ठेवून हेच सांगत रडले होते ना मी? तेव्हा तू काय म्हणालास? नशिबात होतं म्हणालास, दादा."