उजव्या मुठीतली गोटी

नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचा म्हातारा मच्छीमार तोर्लाइफ मानसोपचाराला आला, तो निव्वळ लेकीच्या कटकटीला कंटाळून. डॉक्टर रांगनहिलने त्याच्या दोन्ही मुठींत सेलवर चालणारी एकेक गोटी दिली. गोट्या आळीपाळीने थरथरणार, डावी मग उजवी, आणि त्याने होडी बुडाली तो दिवस आठवायचा. असं केल्याने आठवणीची धार बोथट होते म्हणे.

"तान्ह्या पोराचा खुळखुळा दिसतोय," तो पुटपुटला, पण डोळे मिटले. उलटलेली होडी दिसली. डाव्या हातात तिचा कणा, उजव्यात धाकट्या भावाचा, आयलर्टचा हात.

"दोन्हीकडे जाणवतंय ना?"

"डावीकडेच."

तिने उजव्या गोटीचा सेल बदलला. "आता?"

"नाही. तुझं यंत्र ठीक आहे, पोरी. हा हात त्या पाण्यात बधिरला तो कायमचाच. मदतीची बोट येईस्तोवर मी आयलर्टशी बोलत होतो. मला वर ओढायला लागले, तेव्हा म्हटलं, आधी ह्याला घ्या, मी धरलंय ह्याला. ते म्हणाले, कुणाला?"

बोलता बोलता त्याची उजवी मूठ सैल पडली. गोटी गालिच्यावर पडून थरथरत राहिली. त्याला पत्ताच नव्हता.