विचारणं बंद झालं

घोडबंदर रोडवरच्या आमच्या ऑफिसात मी एजंट बनवते, म्हणजे माणसाच्या वतीने आपणहून कामं करणारे प्रोग्रॅम. घरचं सामान मागवणारा आमचा एजंट तेव्हा फार प्रश्न विचारायचा. त्याने कमी विचारावं, जास्त स्वतः ठरवावं, हे माझं काम होतं. बाबा डोंबिवलीत एकटे राहतात. चाचणीसाठी मी तो त्यांच्याच फोनवर टाकला.

सुरुवातीला तो रोज सकाळी त्यांना फोन करायचा. भाजी कोणती, दूध किती. बाबा ऐसपैस उत्तरं द्यायचे. पडवळ का नको हे सांगता सांगता आई गेल्यापासून आमटी कशी बिघडते, इथपर्यंत जायचे. ते बोलणं माझ्याकडे यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्यातलं आईबद्दलचं वगळायचे आणि उपासाचे वार, गुडघा दुखतो ते दिवस, पाहुण्यांसाठी काय लागतं, एवढंच उचलायचे. त्यावरून एजंटमधलं त्यांच्या सवयींचं मॉडेल, म्हणजे त्यांना केव्हा काय लागेल याचा अंदाज, मी सुधारत गेले. हळूहळू एजंटला विचारायची गरजच पडेना. ऑफिसात माझं कौतुक झालं. मी पेढे वाटले.

एका रविवारी डोंबिवलीला गेले तर बाबा आलेलं सामान पिशवीतून काढत होते. काही चुकीचं येतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, हवं तेच येतं. मग भेंडी पुसता पुसता म्हणाले, "मला आता कोणी काही विचारत नाही गं."

घरी येऊन मी एजंटला पुन्हा प्रश्न विचारायला लावलं. वाटलं, निस्तरलं. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला.

"त्याला उत्तर आधीच माहीत असतं ना?"

मला खोटं बोलवेना. हो म्हटलं.

"मग राहू दे. मला बरं वाटावं म्हणून कोणी विचारायला नको."

मी एजंट त्यांच्या फोनवरून काढून टाकला. आता बाबा स्वतः बाजारात जातात आणि सकाळी मी फोन करते. पण काय आणलं असं विचारताना उत्तर माझ्या मनात आधीच तयार असतं. तेच त्यांच्या तोंडून ऐकताना मला ओशाळायला होतं. कधी मीटिंग असते, फोन राहून जातो.

ऑफिसात तो न विचारणारा एजंट मात्र तसाच पुढे गेला. तो आणखी घरांत सुरू झाला की मला अभिनंदनाचे मेसेज येतात. मी त्या मेसेजना उत्तर देत नाही.